हायसिंथ की निशिगंध? कंद हातात घेण्याआधी एवढं बघा

ऑक्टोबर लागला की रोपवाटिकांत आणि ऑनलाइन दुकानांत हायसिंथचे कंद दिसू लागतात. कंद लावायचा, एकच दांडा येतो, त्यावर दाट सुगंधी फुलं. ऐकून गुलछडी, म्हणजे निशिगंधच आठवतो. मग तो कंद निशिगंधासारखा सांदवाडीतल्या, म्हणजे घरामागच्या परसातल्या काळ्या मातीत जातो, भरपूर पाणी मिळतं आणि काही दिवसांनी उकरून बघावं तर आत लगदा.

हायसिंथचा कंद कांद्यासारखा गोल आणि एकटा असतो. सालीवरून फुलाचा रंगही साधारण कळतो: जांभळट साल असेल तर निळं, जांभळं किंवा गुलाबी, पांढुरकी असेल तर पांढरं किंवा पिवळं. निशिगंधाचा कंद लांबट, टोकदार, तपकिरी. बुडाशी पिल्लांचा घोस. हायसिंथ हाताळताना हातमोजे घाला, त्यातल्या ऑक्झलेटच्या सूक्ष्म स्फटिकांनी खाज सुटते. शेळ्या-वासरांच्या तोंडी तर तो लागूच देऊ नका, विषारी आहे.

खरा फरक थंडीचा. हायसिंथ मूळचा तुर्कस्तान, सीरिया, लेबनॉनकडचा. कंदात फूल आधीच तयार असतं, पण दांडा वर यायला त्याला सलग 10 ते 12 आठवडे 5 ते 9 अंशांचा गारवा लागतो. आपल्याकडे डिसेंबरच्या काही रात्री कडाक्याच्या असतात, पण दुपारचं ऊन सगळं बिघडवतं. थंडी कमी पडली की फूल पानांतच अडकून बसतं, दांडा वर सरकतच नाही.

म्हणून कंद आणले की भोकं पाडलेल्या कागदी पिशवीत भरून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये नाही. त्याच कप्प्यात केळी, सफरचंद, टोमॅटो नकोत; पिकत्या फळांच्या वायूने आतली कळी मरते. गावात लोडशेडिंग जास्त असेल तर फ्रिज उघडझाक कमी करा. डिसेंबरअखेर 15 सेंमीच्या कुंडीत तीन कंद, टोक मातीच्या जरा वर राहील असे लावा. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत. कुंडी सावलीत ठेवा, कोंब वर आले की सकाळच्या उन्हात. जानेवारीअखेर फूल येतं. फेब्रुवारीच्या उन्हात ते लवकर कोमेजतं, तेव्हा दुपारी आत घ्या. पुढच्या वर्षासाठी कंद जपण्याचा खटाटोप आमच्या मते करू नये. इथल्या उन्हाळ्यात तो दुबळाच होतो.

निशिगंधाला फ्रिज नको, ऊन हवं. तो मूळचा मेक्सिकोचा, आपल्या उन्हात रमतो. एप्रिल-मेमध्ये 2 ते 3 सेंमी जाडीचे कंद 30 बाय 20 सेंमीवर, 5 सेंमी खोल लावा. काळी माती असेल तर गादीवाफाच (उंच केलेला वाफा) करा, पावसाळ्यात पाणी तुंबलं की कंद सडतो. लावणीनंतर तीन-साडेतीन महिन्यांत दांडे सुरू होतात. नुसती पानं माजली तर कारण बहुधा लहान कंद, सावली किंवा जास्तीचा युरिया. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी (मातीतले सूक्ष्म कृमी) लागलेत, जागा बदला. हारासाठी आणि वासासाठी ‘प्रज्वल’सारखी एकेरी जात घ्या, दुहेरी फूल फुलदाणीत शोभतं पण वासाला मागे पडतं. फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, त्याची पिल्लं फुलतात, म्हणून तीन वर्षांनी बेट खणून सुटं करा.