मस्करी कुठली आणि छळ कुठला?

"अहो टीचर, मुलांची मस्करी ती, मनावर काय घ्यायचं!" ठाण्याला वर्तकनगरमध्ये मी शिकवण्या घेते आणि पालकांकडून हे वरचेवर ऐकते. कधीकधी ते खरंही असतं. मस्करी आणि छळ वरवर सारखेच दिसतात. तेच टोपणनाव, तेच खिदळणं.

मस्करीत पाळी बदलत राहते. आज तू मला ढब्बू म्हणालास, उद्या मी तुला काडी म्हणेन. आणि कुणाचा चेहरा पडला की बाकीचे आपसूक थांबतात. छळात पाळी कायम एकाचीच, आणि त्याचा चेहरा पडला की हसणं वाढतं. नॉर्वेत काम केलेल्या डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकापासून याचा अभ्यास केला. त्यांनी छळाच्या ३ खुणा सांगितल्या: दुखवायचा हेतू, पुन्हा पुन्हा घडणं आणि ताकदीतली तफावत.

फोनमुळे यातली दुसरी खूण फसवी झाली आहे.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडचा सातवीतला मुलगा मित्रांबरोबर उपवन तलावावर गेला. कणीस खाताना गाल फुगलेले, डोळे अर्धे मिटलेले, असा त्याचा फोटो कुणीतरी काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपचा स्टिकर केला. मग त्याने गृहपाठ विचारला, की स्टिकर. कुणाचा वाढदिवस, की स्टिकर. शिकवणीत तो फोन पालथा ठेवायचा. फोन थरथरला की त्याची पेन्सिल वहीवर थांबायची. ज्याने स्टिकर केला तो रडवेला होऊन म्हणाला, "टीचर, मी एकदाच पाठवला हो." खोटं बोलत नव्हता तो. बाकीच्यांनी सेव्ह करून घेतला होता. तेव्हापासून मी सोसणाऱ्याच्या बाजूने मोजते: त्याला ते किती वेळा बघावं लागलं?

ताकदीचंही तसंच. मैदानात दांडगा पोरगा लांबून ओळखू येतो. ग्रुपवर अ‍ॅडमिन एखाद्याला काढतो, किंवा त्याला वगळून सगळ्यांचा नवा ग्रुप होतो. एक शब्दही न बोलता. मला हे शिवीपेक्षा वाईट वाटतं. आणि शाळा सुटली तरी यातून सुटका नाही, फोन घरी येतोच.

आईबाबांनो, रागाने फोन काढून घेऊ नका. त्याच भीतीने मुलं गप्प बसतात. आधी स्क्रीनशॉट घ्या, कारण पाठवणाऱ्याने सगळ्यांसाठी डिलीट केलं की पुरावा गेला. मग वर्गशिक्षिकांना भेटा. फोटो अश्लील असेल तर मात्र तो पुरावा म्हणूनही कुणाला पुढे पाठवू नका, थेट पोलिसांकडे जा. तिथे २०१२चा पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा लागू होतो. १०९८ ही चाइल्डलाइन मोफत आहे, मूल स्वतःही तिथे फोन करू शकतं.

त्या स्टिकरबद्दल शेवटी करणाऱ्यानेच ग्रुपवर लिहिलं, "सगळ्यांनी डिलीट करा." बहुतेकांनी केला. दोघांच्या फोनमध्ये अजून आहे. त्यांच्या आयांना मी शनिवारी बोलावलंय.