मूकपटातले विनोदवीर खरंच तुरुतुरु चालायचे का?

"मूकपटाच्या काळात कॅमेरेच सदोष होते, म्हणून त्यातले विनोदी नट धावत-धडपडत, झटके देत चालताना दिसतात," असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलोय. तसं वाटणं साहजिक आहे, कारण टीव्हीवर आपण ते तसंच पाहिलं.

कॅमेऱ्यात दोष नव्हता. तो हाताने दांडा फिरवून चालवायचे. एका फेऱ्यात 8 चौकटी, म्हणजे फिल्मवरची एकेक स्थिर चित्रं, टिपल्या जात; सेकंदाला दोन फेरे म्हणजे 16 चौकटी. कॅमेरामनच्या हातानुसार हे कमीजास्त व्हायचं. पुढे बोलपट आले. आवाज बिघडू नये म्हणून वेग कायम हवा, तो ठरला सेकंदाला 24 चौकटी. त्या वेगाने जुनी फिल्म फिरवली की 60 सेकंदांचा प्रसंग 40 सेकंदांत संपतो.

मात्र पाठलागाच्या प्रसंगांत दांडा मुद्दाम हळू फिरवला जाई; चौकटी कमी टिपल्या जात, म्हणजे पडद्यावर धावपळ वाढे. तो वेग कलाकारांना हवाच होता आणि मला तर त्यातली कारागिरी फार मोठी वाटते.

स्वतः पडताळायचं असेल तर मोबाइलवर एखादा जुना मूकपट लावा आणि वेग 0.75 करा. नटाकडे पाहू नका. बादलीतून सांडणारं पाणी, चिरुटाचा धूर, खाली पडणारी टोपी पाहा. पाणी नेहमीसारखं पडायला लागलं की नटाची चालही माणसासारखी होते. आधीच दुरुस्त केलेली प्रत असेल तर मात्र उलट सगळं रेंगाळलेलं दिसेल.