इंग्रजी पत्रात 'हॅव' कधी लिहायचं? आमच्या ग्राहकांसाठी

शिरोली आणि गोकुळ शिरगावचे कारखानदार, हुपरीचे चांदीवाले, मार्केट यार्डातले गुळाचे व्यापारी, परदेशी निघालेली मुलं असे सगळे आमच्याकडे इंग्रजी मसुदे तपासायला आणतात. स्पेलिंग हल्ली मोबाईलच सुधारतो. चुकतो तो प्रेझेंट परफेक्ट, म्हणजे हॅव किंवा हॅज आणि पुढे क्रियापदाचा थर्ड फॉर्म.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारं वाक्य हे: "वी हॅव डिस्पॅच्ड द गुड्स यस्टरडे." मराठीत "माल काल पाठवला आहे" असं आपण रोज म्हणतो आणि त्यात काहीच वावगं नाही. इंग्रजीत मात्र हॅवच्या वाक्यात संपून गेलेली वेळ बसत नाही. यस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो, ऑन 4 मार्च यांतलं काहीही आलं की साधा भूतकाळ लिहायचा: "वी डिस्पॅच्ड द गुड्स यस्टरडे." कधी पाठवला ते सांगायचं नसेल, माल निघालाय एवढंच कळवायचं असेल, तर "वी हॅव डिस्पॅच्ड द गुड्स". टुडे आणि धिस वीक चालतात, कारण तो दिवस, तो आठवडा अजून चालू असतो.

गुळाच्या माहितीपत्रकात हाच प्रश्न येतो. कोल्हापूरच्या गुळाला 2014 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. वर्ष छापणार असाल तर "कोल्हापूर जॅगरी रिसीव्ह्ड द जीआय टॅग इन 2014". वर्ष गाळणार असाल तर "हॅज रिसीव्ह्ड द जीआय टॅग". हॅज आणि इन 2014 एकाच वाक्यात नको. शाळेच्या स्मरणिकेतही तेच: शाहू महाराजांनी 1902 मध्ये 50 टक्के आरक्षण दिलं, तिथे "हॅज गिव्हन" नाही, "गेव्ह".

आता याच्या उलट चूक, जिथे हॅव हवंच असतं आणि ते गळतं. कंपनीच्या प्रोफाइलमध्ये "वी आर मेकिंग कास्टिंग्ज सिन्स 1998" असं सर्रास असतं. आपण "1998 पासून बनवतो" म्हणतो, म्हणून वर्तमानकाळ सुचतो. इंग्रजीत तेव्हा सुरू होऊन आजही चालू असलेल्या कामाला "वी हॅव बीन मेकिंग कास्टिंग्ज सिन्स 1998" असंच लिहितात. इथे वर्ष चालतं, कारण सिन्स फक्त सुरुवात दाखवतो. किती काळ ते सांगायचं असेल तर फॉर: "फॉर टेन इयर्स". "सिन्स टेन इयर्स" कुठेही लिहू नका.

नोकरीच्या अर्जात याकडे फार बारकाईने बघा. "आय हॅव वर्क्ड इन अ फाउंड्री फॉर फाइव्ह इयर्स" वाचून समोरचा धरून चालेल की तुम्ही बहुधा अजून तिथेच आहात, आणि नोटीस पिरियड विचारेल. नोकरी सोडली असेल तर "आय वर्क्ड" लिहा. एका हॅवमुळे मुलाखतीत विनाकारण खुलासे करावे लागू नयेत, असं आम्हाला मनापासून वाटतं.

व्हिसाच्या अर्जात तर हा काळ नीट कळलाच पाहिजे. "हॅव यू एव्हर बीन रिफ्यूज्ड अ व्हिसा?" यातलं हॅव आणि एव्हर मिळून जन्मापासून आजच्या दिवसापर्यंतचा सगळा काळ धरतात. नकार जुन्या पासपोर्टवर मिळालेला असला, त्याला कितीही वर्षं झालेली असली, तरी उत्तर "येस" आहे. "आता तर काही नकार नाही" म्हणून "नो" लिहिलं तर ती खोटी माहिती ठरू शकते.

त्याच अर्जासोबतच्या पत्रात गॉन आणि बीन यांची अदलाबदल होते. "माय सन हॅज गॉन टू जर्मनी" म्हणजे मुलगा आत्ता तिकडे आहे. "हॅज बीन टू जर्मनी" म्हणजे जाऊन परत आलाय.

थर्ड फॉर्म पाठच करावे लागतात, त्याला इलाज नाही: हॅव गॉन, वेंट नाही, हॅव रिटन, रोट नाही, हॅव सेंट, सेंड नाही.

अमेरिकेच्या गिऱ्हाइकाने "डिड यू ऑलरेडी शिप इट?" असं विचारलं तर ती चूक समजू नका. तिकडे जस्ट आणि ऑलरेडीसोबत साधा भूतकाळही चालतो. उत्तरात तुम्ही "वी हॅव ऑलरेडी शिप्ड इट" लिहिलंत तर ते दोन्हीकडे बरोबरच आहे.

मसुदा तपासायला आणताना प्रत्येक गोष्ट कधी झाली आणि ती अजून चालू आहे का, हे शेजारी मराठीत लिहून आणा. ते आम्हाला कागदावरून कळत नाही, आणि वाक्य त्यावरच ठरतं.