इराकी लोक

पश्चिम आशियातील इराक या देशाचे रहिवासी व तेथून परदेशी गेलेले त्यांचे वंशज. दिजला (टायग्रिस) व फुरात (युफ्रेटीस) या नद्यांचे गाळाचे मैदान, उत्तर व ईशान्येचा डोंगराळ मुलूख, पश्चिमेचे वाळवंट आणि दक्षिणेची दलदल अशा परस्परांहून अगदी वेगळ्या भूभागांत ही वस्ती पसरली आहे. अरबी बोलणारे बहुसंख्य असून त्यांखालोखाल कुर्द येतात. याशिवाय तुर्कमेन, असिरियन व खाल्डियन ख्रिस्ती, यझिदी, शबक, काकाई, मंडाई, आर्मेनियन, तसेच बसऱ्याकडील आफ्रिकी वंशाचे लोक असे अनेक लहान समाज येथे आहेत. २००५ च्या राज्यघटनेचे तिसरे कलम इराकला अनेक राष्ट्रके, धर्म व पंथ यांचा देश म्हणते. चौथ्या कलमान्वये अरबी व कुर्दी या राजभाषा असून, तुर्कमेन व सिरियॅक भाषकांची दाट वस्ती असेल तेथे त्या भाषांनाही तो दर्जा मिळतो.

लोकसंख्या व खानेसुमारी : नोव्हेंबर २०२४ मध्ये झालेल्या खानेसुमारीनुसार इराकची लोकसंख्या ४ कोटी ६१ लाखांहून अधिक आहे. सु. ७० टक्के लोक शहरांत राहतात आणि एक तृतीयांशाहून अधिक लोक १५ वर्षांखालील आहेत. १९४७ मध्ये ही संख्या सु. ४८ लाख, १९५७ मध्ये सु. ६३ लाख आणि १९८७ मध्ये सु. १ कोटी ६३ लाख होती. १९९७ ची मोजणी उत्तरेकडील तीन कुर्दी प्रांतांत झालीच नाही. त्यामुळे २०२४ ची मोजणी ही ३७ वर्षांनंतरची पहिली देशव्यापी मोजणी ठरते.

या मोजणीत धर्म विचारला गेला. वंश, मातृभाषा व पंथ मात्र विचारले गेले नाहीत. तशी तडजोड झाली नसती तर बहुधा मोजणीच लांबणीवर पडली असती. परिणामी अरब सु. ७५ ते ८० टक्के, कुर्द १५ ते २० टक्के व इतर सु. ५ टक्के हे सर्वत्र उद्धृत होणारे प्रमाण आजही अंदाजच आहे. शिया व सुन्नी यांच्या प्रमाणाचेही तसेच. मुस्लिमांमध्ये शिया ६० टक्क्यांच्या वर असावेत, याविषयी बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे. त्यापुढचा नेमका आकडा सांगणारा कोणताही दावा जपूनच घ्यावा.

मातृभाषेची नोंद असलेली आणि बऱ्यापैकी विश्वासार्ह मानली जाणारी मोजणी १९५७ ची. किर्कुक कोणाचे, या अरब, कुर्द व तुर्कमेन यांच्या वादात म्हणूनच तिला आधारग्रंथाचे स्थान मिळाले आहे. त्या मोजणीत किर्कुक शहरात तुर्कमेन सु. ३८, कुर्द सु. ३३ व अरब सु. २३ टक्के होते. संपूर्ण किर्कुक प्रांतात मात्र कुर्द सु. ४८, अरब सु. २८ व तुर्कमेन सु. २१ टक्के भरले. तुर्कमेन पक्ष शहराचा आकडा पुढे करतो, कुर्द पक्ष प्रांताचा. दोन्ही आकडे एकाच कागदावरचे आहेत आणि दोन्ही खरे आहेत. पुढे बाथ पक्षाच्या राजवटीने (१९६८–२००३) तेथे दक्षिणेकडील अरब कुटुंबे वसवली आणि कुर्द व तुर्कमेन कुटुंबांना हुसकावले. प्रांताच्या सीमाही बदलल्या. १९८७ च्या मोजणीत यझिदी, शबक, असिरियन यांना अरब किंवा कुर्द या दोनपैकी एक रकाना निवडावा लागला. २००५ च्या घटनेच्या १४० व्या कलमाने किर्कुकमध्ये मोजणी व सार्वमत घेण्यासाठी ३१ डिसेंबर २००७ ही मुदत ठरवली होती. ते सार्वमत झाले नाही.

अरब : ‘इराकी अरब’ हा शब्द एकसंध वाटला तरी त्यात भाषा, पंथ व टोळी (अशीरा) यांच्या रेषा एकमेकींवर बसत नाहीत. शम्मर व जुबूर या मोठ्या टोळ्यांत सुन्नी व शिया दोन्ही आहेत. उत्तरेकडील शम्मर प्रामुख्याने सुन्नी, तर दिजलेच्या मधल्या खोऱ्यात स्थायिक झालेले त्यांचे भाऊबंद शिया.

याचे कारण इतिहासात आहे. नजफ व करबला ही शियांची आद्य तीर्थे असली, तरी भोवतालचा ग्रामीण अरब समाज मोठ्या संख्येने शिया झाला तो बराच उशिरा, मुख्यतः अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकापर्यंत, असे मत आज अधिक ग्राह्य धरले जाते. भटक्या टोळ्या शेतीवर स्थिरावल्या आणि जवळच्या तीर्थांशी त्यांचे नाते जडले, असा त्याचा सर्वसाधारण उलगडा. या प्रक्रियेत एका कालव्याचा वाटा आहे आणि त्याचे मूळ हिंदुस्थानात आहे. नजफला पाणी पोहोचावे म्हणून अवधचा नवाब आसफउद्दौला याच्या दरबाराने पैसा पुरवून फुरातेपासून कालवा काढवला. तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पुरा झाला. लोकांनी त्याला ‘हिंदिया’ म्हटले. पुढे नदीचे पाणी हळूहळू या नव्या वाटेने वाहू लागले, हिल्ल्याकडचा जुना फाटा कोरडा पडत गेला आणि शेतकऱ्यांसह टोळ्याही पाण्यामागे सरकल्या. हे थोपवण्यासाठी १९११ ते १९१३ या काळात हिंदिया येथे बंधारा बांधावा लागला. एखाद्या समाजाची पांथिक घडण पाटबंधाऱ्यांच्या इतिहासाशी इतकी निगडित असल्याची उदाहरणे थोडीच सापडतील.

बोलींचा पुरावाही बोलका आहे. ‘मी म्हणालो’ यासाठी बगदादचा मुसलमान ‘गिलित’ म्हणे, तर त्याच गल्लीतला ज्यू किंवा ख्रिस्ती ‘केल्तू’. हाइम ब्लांक या भाषाशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये या बोलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हापासून या दोन रूपांवरूनच इराकी अरबीचे दोन गट ओळखले जातात. केल्तू रूप जुन्या नागर अरबीचा अवशेष मानला जातो, तर गिलित रूप नंतर आलेल्या भटक्या बेदुइन टोळ्यांचे. १२५८ मधील मंगोल विध्वंसानंतर बगदाद व दक्षिणेत नव्याने वस्ती झाली आणि तिच्याबरोबर ही बोली आली असावी. मोसुलमध्ये मात्र मुसलमानही केल्तू गटाचीच बोली बोलतात. म्हणजे बोलीची रेषा धर्माची नसून मूळात वस्तीच्या सातत्याची आहे.

मादान अथवा दलदलीतील अरब : दिजला व फुरात यांच्या संगमाजवळच्या दलदलीत (अहवार) राहणाऱ्या या लोकांच्या उत्पत्तीविषयी दोन टोकाची मते आहेत. पहिल्या मतानुसार ते थेट सुमेरियनांचे वंशज होत. या मताचा मुख्य आधार म्हणजे त्यांचे बोरूचे बांधकाम. पाहुण्यांसाठी बांधलेला ‘मुधीफ’ पाहिला की या मताची मोहिनी कळते. बोरूच्या उंच काठ्यांचे बुंध्याशी जाड व शेंड्याशी निमुळते भारे बांधून ते दोन समांतर रांगांत जमिनीत रोवतात. मग समोरासमोरचे शेंडे ओढून एकमेकांत गुंफतात की कमान उभी राहते. अशा कमानींवर बोरूच्याच चटया पडतात. खिळा नाही, लाकूड नाही, वीट नाही. उरुक येथे मिळालेल्या सु. ५,००० वर्षांपूर्वीच्या दगडी कुंडीवर अशीच बोरूची वास्तू कोरलेली आहे व तिच्या दोन्ही बाजूंनी कोकरे बाहेर येत आहेत.

दुसरे मत म्हैस पाळणाऱ्या या लोकांचे मूळ सिंधकडे शोधते. आठव्या शतकाच्या आरंभी सिंध जिंकल्यावर उमय्या सुभेदार हज्जाज याने तेथील ‘झुत्त’ (जाट) लोक म्हशींसह इराकच्या दलदलीत आणून वसवल्याचे अरब इतिहासकार सांगतात. नवव्या शतकात याच झुत्तांनी बसरा व बगदाद यांमधील वाहतूक रोखून धरली. ८३४ मध्ये खलीफा मुअतसिम याच्या सैन्याने त्यांचे बंड मोडले आणि त्यांना बायजंटिन सरहद्दीवरील ऐन झर्बा येथे पाठवले. ८५५ मध्ये बायजंटिनांनी तेथून त्यांना म्हशींसकट पळवून नेले. या मताला अडचण अशी की बंडखोरांना हलवल्यावर दलदलीत कितीजण उरले हे कोणी लिहून ठेवलेले नाही. शिवाय म्हैस इराकला त्याआधी ठाऊकच नव्हती असेही नाही. लूव्र संग्रहालयातील अक्कडकालीन, म्हणजे इ.स.पू. तेविसाव्या शतकाच्या सुमाराच्या, एका शिक्क्यावर पाणी पिणाऱ्या म्हशी ठसठशीत दिसतात. त्या सिंधू खोऱ्यातून भेट म्हणून आल्या असाव्यात व त्यांची पैदास पुढे टिकली नसावी, असे बहुतेकांना वाटते.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आनुवंशिकी अभ्यासात मादान पुरुषांच्या वाय गुणसूत्रांपैकी सु. चार-पंचमांश पश्चिम आशियात उगम असलेल्या जे-१ गटाची निघाली. भारतीय अंश अत्यल्प आढळला. यावरून म्हैस व तिच्या संगोपनाची विद्या पूर्वेकडून आली, माणसे मुख्यतः तेथलीच, असे म्हणणे सयुक्तिक ठरते. मात्र जे-१ हा गट अरबी द्वीपकल्पातही विपुल असल्याने तो सुमेरियन वारशाचा पुरावा होऊ शकत नाही. रानाच्या कडेच्या अरब टोळ्यांशी मादानांचे शतकानुशतकांचे लग्नसंबंधही ध्यानात घ्यायला हवेत. आज ते अरबी बोलणारे शिया मुस्लिम आहेत. शेजारी मात्र ‘मादान’ हा शब्द ‘म्हशीवाला’, ‘अडाणी’ अशा हिणकस अर्थाने वापरतात. म्हशीच्या दुधाच्या जाड सायीचे ‘गैमर’ मात्र बगदादमध्ये सगळ्यांच्याच न्याहारीला लागते. १९९१ च्या दक्षिणेतील उठावानंतर सरकारने बांध व चर काढून दलदल सुकवली, तेव्हा या लोकांची फार मोठ्या प्रमाणावर पांगापांग झाली. २००३ मध्ये स्थानिकांनी बांध फोडून पाणी परत आणले. २०१६ मध्ये अहवारचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. वरच्या अंगाची धरणे आणि दुष्काळ यांमुळे पाणी पुन्हा आटत आहे.

कुर्द : सुलेमानिया व अर्बिल येथे सोरानी, तर दुहोककडे कुर्मांजी (स्थानिक नाव बादिनी) बोलली जाते. बहुसंख्य कुर्द सुन्नी आहेत. १९८८ ची सरकारची कुर्दांविरुद्धची ‘अनफाल’ लष्करी मोहीम आणि त्याच वर्षी १६ मार्चला हलब्जा येथे झालेला विषारी वायूचा हल्ला यांची माहिती इतरत्र विपुल आहे. २०२४ च्या मोजणीत स्वायत्त कुर्दिस्तान प्रदेशाची लोकसंख्या ६० लाखांहून अधिक भरली. हा आकडा कुर्दांचा म्हणून देण्याची चूक वारंवार होते. किर्कुक, खानकीन, बगदाद येथील कुर्द त्यात नाहीत आणि त्या प्रदेशातील ख्रिस्ती, तुर्कमेन व विस्थापित अरब त्यात आहेत.

फैली कुर्द हे शिया असून बगदाद व इराण सरहद्दीलगत राहत. १९२४ च्या नागरिकत्व कायद्याने ‘उस्मानी’ व ‘इराणी’ मूळ असा भेद केला. तो कागदावरचा शेरा त्यांना १९८० मध्ये भोवला. त्या वर्षीच्या ६६६ क्रमांकाच्या ठरावाने त्यांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. घरेदारे जप्त झाली आणि कुटुंबांना इराणच्या हद्दीत लोटण्यात आले. अनेक तरुण मागे अटकेत ठेवले गेले व पुन्हा दिसले नाहीत.

तुर्कमेन : तलअफरपासून किर्कुकमार्गे तूझ खुर्मातूपर्यंतच्या पट्ट्यात ते राहतात, त्यांत सुन्नी व शिया दोन्ही आहेत. अरब खिलाफतीतील तुर्क शिपाई, सेल्जुक टोळ्या की उस्मानी काळातील वसाहती, यांपैकी मूळ कोणते यावर वाद आहे. बहुधा एकावर एक बसलेले हे थर असावेत.

ख्रिस्ती, यझिदी व शबक : निनवेच्या मैदानातील अल्कोश, बर्तल्ला, कराकोश या गावांत अरमाइकची आधुनिक रूपे (सुरेथ) अजून घरात बोलली जातात. असिरियन व खाल्डियन ही एकाच समाजाची चर्चभेदाने पडलेली नावे की दोन समाज, याचे उत्तर विचारणाऱ्यापेक्षा सांगणाऱ्यावर अवलंबून असते. घटनेने दोन्ही नावे स्वतंत्र दिली आहेत. ऑगस्ट १९३३ मधील सिमेल येथील कत्तल असिरियनांच्या स्मृतीत ठळक आहे. २००३ नंतर ख्रिस्ती लोकसंख्या मूळच्या लहानशा अंशावर आली. सिंजार डोंगराभोवतीचे, स्वतःचा वेगळा धर्म पाळणारे यझिदी कुर्मांजी बोलतात व लालिश हे त्यांचे तीर्थ. त्यांना कुर्द म्हणावे की स्वतंत्र समाज, याविषयी खुद्द यझिदींत दुमत आहे. ३ ऑगस्ट २०१४ रोजी इस्लामिक स्टेटने सिंजारवर हल्ला केल्यानंतर स्वतंत्र ओळखीचा आग्रह वाढला. शबकांची वस्ती मोसुलच्या पूर्वेस असून त्यांची भाषा गोरानी या इराणी गटातील भाषेला जवळची आहे.

ज्यू : १९४७ मध्ये सु. १ लाख १८ हजार. बगदादच्या व्यापारावर त्यांची मोठी छाप होती. जून १९४१ मधील ‘फरहूद’ या दंगलीने त्यांचा विश्वास हादरला आणि १९५० ते १९५१ मध्ये जवळजवळ सगळा समाज विमानांनी इस्राएलला गेला. त्याआधी शतकभर एक प्रवाह मुंबईकडे आला होता. बगदादहून आलेले डेव्हिड ससून (१७९२–१८६४) यांच्या घराण्याच्या खुणा मुंबई-पुण्यात ठायी ठायी आहेत. पुण्यात त्यांनी बांधवलेले सिनेगॉग ‘लाल देऊळ’ म्हणूनच ओळखले जाते. कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएलांहून हे बगदादी ज्यू निराळे. या दळणवळणाची एक खूण बगदादच्या ताटात उरली आहे. तेथे सामून नावाच्या टोकदार पावात भरतात ते मेथी-हळद घातलेले कैरीचे आंबट लोणचे ‘अंबा’. हा शब्द मराठी ‘आंबा’पासून गेल्याचे मत सर्वसाधारणपणे स्वीकारले जाते, ससूनांनीच ते नेले ही कथा मात्र दंतकथेच्या पातळीवरची आहे.

मंडाई : जॉन द बॅप्टिस्टला (याह्या) मानणारा हा समाज धर्मग्रंथांत अरमाइकची मंडाईक बोली जपतो. अरब शेजारी त्यांना ‘सुब्बा’ म्हणतात. अमारा, नासिरिया व बगदाद येथे ते प्रामुख्याने चांदीवर काळे नक्षीकाम करणारे सोनार होते. पांढरी वस्त्रे लेवून वाहत्या पाण्यात वारंवार घ्यायचे स्नान (मस्बुता) हा त्यांच्या धर्माचा गाभा. पाणी साचलेले चालत नाही आणि धर्मांतराने कोणाला आत घेतले जात नाही. २००३ पूर्वी इराकमध्ये त्यांची संख्या काही दशसहस्र होती, आता काही हजारच उरल्याचे अंदाज आहेत. बहुतेक जण स्वीडन, ऑस्ट्रेलिया येथे गेले. सिडनीजवळच्या नेपियन नदीत आता त्यांचे हे स्नानविधी होतात.