दुसऱ्याच्या अंड्यात लपणारे परजीवी

1868 च्या उन्हाळ्यात टेक्सासमधली लांब शिंगांची गुरं बोटींतून मिसिसिपी नदीने उत्तरेकडे, इलिनॉय राज्यात आणली गेली. गुरं धडधाकट होती. महिनाभर काहीच झालं नाही. मग त्यांच्या आसपास चरणाऱ्या स्थानिक गाई एकेक करून माना टाकू लागल्या. फणफणून ताप, तांबडी लघवी, चारा-पाणी बंद, आणि काही दिवसांत मृत्यू. इलिनॉय आणि इंडियाना या दोन राज्यांत हजारो जनावरं दगावली. टेक्सासची गुरं मात्र निवांत रवंथ करत होती. ती पुढे निघून गेली तरी त्यांनी तुडवलेलं कुरण काही आठवड्यांनी मारक ठरायचं, आणि हिवाळ्याचं पहिलं दहिवर गोठलं की साथ आपोआप थांबायची.

गुराखी म्हणत, हे गोचिडांचं काम आहे. सरकारने तपासासाठी नेमलेले इंग्लंडचे नामवंत पशुवैद्य जॉन गॅमजी यांनी ही कल्पना उडवून लावली. गोचीड तर सगळीकडेच असतात, त्यांनी काय होणार, असा तेव्हाच्या जाणकारांचा सूर होता. संशय घेतला जायचा तो लाळेवर, शेणावर, चाऱ्यावर. गुराख्यांचं म्हणणं नीट तपासून बघायला आणखी वीस वर्षं जावी लागली.

ते ज्यांनी तपासलं ते थिओबाल्ड स्मिथ. 1859 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी गावी, जर्मनीहून आलेल्या आईवडिलांच्या पोटी जन्म. 1883 मध्ये ते डॉक्टर झाले, पण दवाखाना थाटला नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकन सरकारने जनावरांच्या रोगांसाठी वॉशिंग्टनला नवीन खातं काढलं, तिथे ते रुजू झाले. घरात जर्मन बोललं जात असल्यामुळे जीवाणूंवरच्या संशोधनाचे जर्मन अध्वर्यू रॉबर्ट कॉख यांचे लेख ते मुळातून वाचू शकत, आणि जीवाणूशास्त्र ते जवळजवळ स्वतःच्या बळावर शिकले. अन्नातून विषबाधा करणाऱ्या साल्मोनेला जीवाणूचं नाव आज घरोघरी माहीत आहे. ते त्यांचे वरिष्ठ डॅनियल सॅल्मन यांच्यावरून पडलं, प्रयोगशाळेतलं काम मात्र स्मिथ यांचं होतं.

टेक्सास ताप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रोगावरचा प्रयोग 1889 च्या जूनअखेरीस सुरू झाला. उत्तर कॅरोलिनातून गोचिडांनी भरलेली सात गुरं आणली गेली. स्मिथ आणि पशुवैद्य फ्रेडरिक किल्बर्न यांनी कुरणाचे कुंपण घालून वेगवेगळे भाग पाडले. एका भागात दक्षिणेची गुरं गोचिडांसकट ठेवली आणि सोबत उत्तरेच्या निरोगी गाई सोडल्या. दुसऱ्या भागात दक्षिणेच्या गुरांच्या अंगावरचा एकेक गोचीड हाताने वेचून काढला, मगच त्यांना उत्तरेच्या गाईंसोबत ठेवलं. ज्याने कधी गाईच्या कासेखालचे, शेपटीच्या मुळाशी दडलेले गोचीड काढलेत त्याला हे काम किती किचकट आहे ते सांगायला नको. रोज नवीन दिसतात. आणखी एका भागात दक्षिणेचं जनावर आणलंच नाही, नुसते गोचीड आणून गवतात टाकले.

पहिल्या भागातल्या गाई आजारी पडून मेल्या. दुसऱ्या भागातल्या ठणठणीत राहिल्या. जिथे फक्त गोचीड टाकले होते, तिथेही ताप आला. शेण, लाळ, चारा हे सगळे संशयित एकाच हंगामात सुटले.

दरम्यान स्मिथ आजारी गाईंचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. निरोगी गाईच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये 50 लाखांहून अधिक तांबड्या पेशी असतात. या तापात त्या झपाट्याने फुटत होत्या, आणि फुटलेल्या पेशींचा रंग लघवीत उतरत होता. उरलेल्या पेशींच्या आत त्यांना नाशपातीच्या आकाराचे, जोडीजोडीने चिकटलेले सूक्ष्म जीव दिसले. आज आपण त्याला बबेसिया बायजेमिना म्हणतो. रुमानियाचे व्हिक्टर बाबेश यांनी गुरांच्या रक्तात असे जीव 1888 मध्ये नोंदवले होते, त्यांचं नाव या कुळाला मिळालं.

इथवरचं काम चोख होतं, पण मला स्मिथ खरे दिसतात ते यापुढे. तेव्हा समज असा होता की गोचीड आजारी जनावराचं रक्त पितो, मग दुसऱ्यावर चढतो आणि रोग पोचवतो. पण स्मिथ यांचे सहकारी कूपर कर्टिस यांनी या गोचिडाचं जीवनचक्र बारकाईने अभ्यासलं होतं आणि ते या समजाच्या आड येत होतं. हा गोचीड जनावर बदलतच नाही. पिल्लू म्हणून एका गाईवर चढतो, तिच्याच अंगावर कात टाकतो, तिथेच वाढतो, तिथेच त्याचं मीलन होतं. मादी रक्त पिऊन एरंडीच्या बीसारखी टम्म फुगली की जमिनीवर गळून पडते, दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. ती पुन्हा कुठल्याही गाईवर चढत नाही. मग रोग दुसऱ्या गाईपर्यंत जातो कसा?

1890 मध्ये स्मिथ यांनी माद्यांची अंडी काचेच्या भांड्यात उबवली. बाहेर आलेल्या पिल्लांनी आयुष्यात रक्ताचा थेंब चाखला नव्हता. ती त्यांनी एका निरोगी कालवडीच्या अंगावर सोडली. रोज कानाच्या पाळीला टोचून रक्त तपासलं, ताप मोजला. कालवडीला ताप भरला आणि तिच्या तांबड्या पेशींत तेच जोडजीव दिसले. परजीवी मादीच्या अंडाशयात शिरला होता, तिथून अंड्यात, अंड्यातून पिल्लात. आईने प्यायलेल्या रक्तातला रोग लेकरांनी पुढे नेला होता.

गुराख्यांचं प्रत्येक निरीक्षण आता जागच्या जागी बसलं. कुरण लगेच मारक का होत नाही? मादी गळणार, अंडी घालणार, ती उबायला तीन-चार आठवडे, मग पिल्लं गवताच्या शेंड्यावर चढून गाईची वाट बघणार. साथ थंडीत का थांबते? उत्तरेच्या हिवाळ्यात अंडी आणि पिल्लं तगत नाहीत. स्मिथ आणि किल्बर्न यांचा अहवाल 1893 मध्ये प्रसिद्ध झाला. एखादा परजीवी चावणाऱ्या किड्यामार्फत सस्तन प्राण्यापर्यंत पोचून रोग करतो, याचा इतका भक्कम पुरावा तोवर कुणी दिलेला नव्हता. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला तो त्यानंतर चार वर्षांनी, 1897 मध्ये.

दक्षिणेची गुरं का वाचतात, याचं उत्तर आपल्या गोठ्यांशी थेट जोडलेलं आहे. गोचिडांच्या मुलखात जन्मलेल्या वासराला हे परजीवी लहानपणीच गाठतात. त्या वयात आजार सौम्य होतो, वासरू सावरतं, आणि थोडे परजीवी रक्तात ठेवूनच मोठं होतं. रोग त्याला पाडत नाही, पण त्याच्या अंगावरच्या गोचिडांना मिळतो. आपल्याकडच्या गोचिडाची मुख्य जात टेक्सासच्या गोचिडाची सख्खी बहीण, तीही एकाच जनावरावर आयुष्य काढणारी. आपल्या देशी गाई या गोचिडाला पिढ्यान्‌पिढ्या सरावल्या आहेत, त्यांची कातडीही त्याला सहजी दाद देत नाही. होल्स्टीन किंवा जर्सी रक्ताची संकरित गाय मात्र इलिनॉयच्या गाईसारखी उघडी पडते. शेतकरी ज्याला सरसकट गोचीड ताप म्हणतात त्यात बबेसियाबरोबर थायलेरिया नावाचा दुसरा परजीवीही येतो. थायलेरिया अंड्यातून उतरत नाही, त्याचा गोचीडही वेगळा. म्हणून तापलेल्या गाईला अंदाजाने इंजेक्शन देण्याआधी रक्ताची काच तपासून घ्या, असं पशुवैद्य कळकळीने सांगतात. दोन्हींवरची औषधं वेगळी आहेत आणि दवडलेला दिवस महागात पडतो.

अमेरिकेने 1906 मध्ये गोचीड निर्मूलनाची मोहीम काढली. लाखो गुरं ठरावीक दिवसांनी औषधी पाण्याच्या हौदातून पोहत नेली गेली, आणि 1943 मध्ये मेक्सिकोच्या सीमेवरचा पट्टा सोडता देश या गोचिडापासून मुक्त झाला. आपल्याकडे वर्षभर ऊब आहे, औषधांना न जुमानणारे गोचीड वाढत आहेत, त्यामुळे तो मार्ग जसाच्या तसा चालणार नाही. पण एक गोष्ट तीच राहते. गळलेली मादी अंडी घालते ती गोठ्याच्या भिंतीच्या भेगांत, गव्हाणीच्या सांदीत. फक्त गाईवर फवारणी करून गोठा तसाच सोडला तर अर्धं काम राहून जातं.

स्मिथ 1895 मध्ये हार्वर्डला गेले. त्याच वर्षी त्यांचा आणखी एक अहवाल निघाला, टर्की पक्ष्यांवरचा. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात टर्कीचे कळपच्या कळप मरत होते. विष्ठा गंधकासारखी पिवळी, आंधळं आतडं (लहान आणि मोठ्या आतड्याच्या जोडावरची बंद पिशवी) सुजलेलं, यकृतावर गोल खोलगट डाग. स्मिथ यांनी त्या डागांत एक अमिबासारखा परजीवी शोधला. तो एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे विष्ठेतून जात असावा, असं तेव्हा त्यांना वाटलं. पण हा जीव उघड्यावर फार काळ टिकत नाही. मग ज्या वाड्यात काही महिने एकही टर्की नाही, तिथे नव्या पिल्लांना रोग कुठून होतो?

मधली वर्षं इतर कामांत गेली. 1898 मध्ये त्यांनी गाईचा आणि माणसाचा क्षयजंतू वेगळा असल्याचं दाखवलं. 1915 मध्ये ते प्रिन्स्टनला रॉकफेलर संस्थेच्या पशुरोग विभागाचे प्रमुख झाले आणि टर्कीचा प्रश्न पुन्हा हाती घेतला. 1920 मध्ये हॅरी ग्रेबिल यांच्यासोबत त्यांनी इनक्युबेटरमध्ये उबवलेल्या, अलग वाढवलेल्या टर्कींना एका जंताची अंडी खाऊ घातली. हेटरॅकिस नावाचा हा बारीक जंत कोंबड्यांच्या आंधळ्या आतड्यात अगदी सर्रास सापडतो. टर्कींना तो प्राणघातक रोग झाला. त्याच वर्षी हार्वर्डमधले त्यांचे वारस अर्नेस्ट टायझर यांनी परजीवीला हिस्टोमोनास हे नाव दिलं. कोंबड्यांच्या रक्ती हगवणीमागच्या परजीवींच्या कितीतरी जाती वेगळ्या करून दाखवणारे टायझर हेच. जंताच्या अंड्याच्या आतच हिस्टोमोनास असतो हे पुढच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं.

म्हणजे तीस वर्षांच्या अंतराने स्मिथ त्याच ठिकाणी येऊन पोचले होते. एकदा गोचिडाचं अंडं, एकदा जंताचं. आणि दोन्हीकडे रोग वाहणारा प्राणी स्वतः धडधाकट. तिथे टेक्सासचा बैल, इथे परसातली कोंबडी. कोंबडीला हिस्टोमोनासचा त्रास सहसा फार होत नाही, टर्कीच्या कळपात मात्र दहापैकी आठ-नऊ पक्षीही जाऊ शकतात.

हेटरॅकिसची अंडी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. गांडुळं ती माती गिळतात आणि अंडी त्यांच्या पोटात साठत जातात, मग पाऊस पडून गांडुळं वर आली की टर्की ती आवडीने वेचते. या रोगावरचं अमेरिकेतलं शेवटचं मान्यताप्राप्त औषध आर्सेनिकयुक्त होतं, ते 2015 मध्ये बाजारातून काढलं गेलं. टर्की पाळायचा विचार करणाऱ्यांनी म्हणूनच कोंबड्या फिरलेल्या जमिनीवर तिची पिल्लं सोडू नयेत. कोंबड्या विकून वर्ष झालं असलं तरीही.