‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे कोणाच्या वावरात?

नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राने ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हटलं, की काटोलकडे टोमणा ठरलेला: म्हणजे शेजाऱ्याच्या वावरात! गंमत अशी, की अंदाजाचा अर्थही जवळपास तोच आहे. हवामान खात्याच्या भाषेत ‘तुरळक’ म्हणजे त्या भागातल्या फार तर 25 टक्के पाऊस मोजणाऱ्या केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे 26 ते 50 टक्के. आपलं वावर त्यात आहे की नाही, हे या शब्दांत नसतंच.

मग उपयोग काय? हिशेबाचा. केंद्रांचा हा टक्का म्हणजे ढोबळमानाने आपल्या वावरात पाऊस पडण्याची शक्यता. समजा, ऑक्टोबरात सोयाबीन कापून गंजी लावली आहे. ताडपत्री आणि मजुरी मिळून 500 रुपये लागतात. गंजी भिजली तर 5000 रुपयांचा फटका. खर्च नुकसानीच्या दहाव्या हिश्श्याइतका. म्हणून पावसाची शक्यता 10 टक्क्यांहून जास्त असली, तरी झाकणं परवडतं. दहापैकी आठ वेळा ताडपत्री फुकट गेली, तरी तोटा नाही.

जूनमध्ये मात्र हाच हिशेब उलटतो. मृगाची पहिली सर पडली, की हात शिवशिवतात. पण काळी जमीन वरून ओली दिसते, खाली कोरडीच असते. तेवढ्या ओलीवर बी फुगतं, कोंब फुटतो, पाऊस दडी मारतो आणि दुबार पेरणी गळ्यात पडते. बियाणं, मजुरी, दिवस, सगळंच पुन्हा. म्हणून 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थांबा, असं कृषी खातं सांगतं. इथे 30 टक्के शक्यतेवर धावणं म्हणजे सट्टा. चार-पाच दिवस थांबण्याची किंमत त्यामानाने कमी. (धूळपेरणी करणारे, म्हणजे पावसाआधीच कोरड्या मातीत पेरणारे, हा सट्टा जाणूनबुजून खेळतात, तो भाग वेगळा.)

पाच दिवसांचा अंदाज आणि पीकसल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी निघतो, ‘मेघदूत’ अ‍ॅपवरही मिळतो. फवारणीचा दिवस ठरवायला तो पुरतो. वादळी ढग नेमका कुठे फुटेल, हे मात्र रडारवर फक्त दोन-तीन तास आधी कळतं.

गारपिटीपुढे हा हिशेब लंगडतो. संत्र्याच्या बागेवर ताडपत्री घालता येत नाही आणि जाळी महाग पडते. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीचा इशारा आला, तर मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेली) तयार फळं तेवढी आधी तोडून घ्यायची. कच्ची झाडावरच राहतात.