जुन्या गाडीच्या सहा सिलेंडर इंजिनला टर्बो लावायचाय? मग आधी हे वाचून घ्या

नमस्कार मंडळी. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये जो येतो तो पहिले हेच विचारतो, भाऊ किती हॉर्सपॉवर निघेल? आम्ही उलट विचारतो, गाडी नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, दुपारी दोन वाजता वर्धा रोडच्या सिग्नलवर उभी राहणार का? राहणार असेल तर बोलणं वेगळं, इंजिन वेगळं आणि बिलही वेगळं. डिसेंबरात कोणतंही टर्बो इंजिन मस्तच चालतं, आम्ही बांधतो ते मे महिन्यासाठी. पत्रक थोडं मोठं झालंय पण वाचाच, कारण यातलं निम्मं आम्हाला रोज फोनवर सांगावं लागून राहिलंय.

आधी इंजिन कोणतं ते बघू. आमच्याकडे जास्त येते ती जोंगा. जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत लष्करासाठी बनायची, निसान पॅट्रोलचंच डिझाइन, जबलपूर आपल्याला जवळ म्हणून लिलावातून सुटलेल्या गाड्या इकडे बऱ्याच आल्या. इंजिन ३९५६ सीसी, बोअर (सिलेंडरची रुंदी) ८५.७ एमएम आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) तब्बल ११४.३ एमएम, पॉवर ११० एचपीच्या आसपास. एवढ्या लांब स्ट्रोकचं इंजिन नुसतं पळवून पॉवर काढता येत नाही, ४००० आरपीएमलाच पिस्टनचा सरासरी स्पीड सेकंदाला १५ मीटर होतो, जुन्या लोखंडाला तेवढं पुष्कळ झालं. म्हणून आरपीएम वाढवायचा नाही, हवा वाढवायची, आणि ते काम टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा, झकास करतो. अर्धा बार बूस्टवर, म्हणजे हवेचा दाब नेहमीच्या दीडपट केल्यावर, आम्ही १५० ते १६० एचपी सांगतो, त्याच्या वर कोणी सांगत असेल तर त्याला विचारा की किती दिवसांसाठी.

दुसऱ्या येतात जुन्या शेवरोले. इथं सावध राहा. २१६ क्युबिक इंचाचं इंजिन असेल तर आम्ही टर्बो लावत नाही, सरळ नाही म्हणतो, कारण त्यात रॉडच्या बेअरिंगला प्रेशरने ऑइल जातच नाही, चमच्यासारखे डिपर ऑइल उडवतात आणि बेअरिंग बॅबिट या मऊ धातूचं ओतलेलं. १९५४ नंतरचं २३५ असेल तर फुल प्रेशर ऑइलिंग आहे, हलक्या बूस्टवर होतं, पण क्रँकला (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) आधार देणारे मेन बेअरिंग चारच. त्यानंतरचं साठच्या दशकातलं २३० किंवा २५० मिळालं तर सोनं समजा, सात मेन बेअरिंग. मर्सिडीजचं २८० ई वालं इंजिन कोणी आणलं तर आम्ही हात जोडतो, कॉम्प्रेशन (सिलेंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते) आधीच ९, टर्बोला कमी लागतं, चालतंय ते छान चालतंय, राहू द्या ना भाऊ.

अनेकांना वाटतं जुनी गाडी आणि टर्बो म्हणजे आजकालच्या पोरांचं फॅड. तसं नाही. १९६२ मध्येच अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेवरोले कॉर्व्हेर टर्बोसकट विकायला आल्या होत्या, त्यातली कॉर्व्हेर सहा सिलेंडरची. आणि १९८१ च्या डॅटसन २८० झेडएक्स टर्बोमध्ये कंपनीने कॉम्प्रेशन मुद्दाम ७.४ ठेवलं होतं. आपली जुनी इंजिनं मुळातच कमी कॉम्प्रेशनची, म्हणजे या एका बाबतीत जुनं इंजिन फायद्यातच आहे. शिवाय सरळ सहा सिलेंडरचा बॅलन्स जन्मजात चांगला असतो.

आता उन्हाचा हिशोब, हा नीट वाचा. टर्बो हवा दाबतो, दाबली की हवा तापते. बाहेर ४५ डिग्री असताना अर्धा बार बूस्ट दिला आणि टर्बोची एफिशियन्सी ७० टक्के धरली तर टर्बोमधून निघणारी हवा १०० डिग्रीच्या आसपास जाते. एवढी गरम हवा सिलेंडरमध्ये गेली की पेट्रोल वेळेआधीच फटके मारतं, त्याला नॉकिंग म्हणतात, आणि बूस्टखाली नॉकिंग झालं की पिस्टन काही मिनिटांत जातो. चांगला इंटरकूलर, म्हणजे ही हवा थंड करणारा रेडिएटर, लावला तर हीच हवा साठ-बासष्टवर येते. गंमत अशी की डिसेंबरात सकाळी १२ डिग्री असताना इंटरकूलर नसतानाही आकडा साधारण तेवढाच येतो. म्हणजे इंटरकूलर लावून आपण फक्त मे महिन्याचा डिसेंबर करतो, त्याच्यापुढे काही नाही. म्हणून "इंटरकूलर नंतर बघू, आधी गाडी चालू करून द्या" असं म्हणणाऱ्याचं काम आम्ही हातात घेत नाही. रेडिएटरही मोठाच लागतो आणि जोडीला इलेक्ट्रिक फॅन, कारण सिग्नलवर उभ्या गाडीला वारा कुठून मिळणार.

पेट्रोलचं पण सांगतो. आता पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. नॉकिंगच्या बाबतीत ते खरं तर टर्बोला बरं, पण इथेनॉलमिश्रित पेट्रोल जास्त लागतं, साध्या पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो हवा लागते तर ई२० ला साधारण १३.५, म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त पेट्रोल जायला पाहिजे. कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणारी भोकं) गाडी तशीच चालवली तर मिक्स्चर लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, होणार आणि बूस्टखाली लीन म्हणजे पिस्टनला भोक. वरून जुने रबर पाइप, पंपाचा डायफ्राम, कॉर्कचे गॅस्केट हे सगळं ई२० खराब करतं, ते आम्ही बदलतोच, वेगळं विचारत नाही.

कार्बोरेटर ठेवून टर्बो करता येतो, ब्लो-थ्रू म्हणतात, पण फ्लोट चेंबरला बूस्टचं प्रेशर द्यावं लागतं, पेट्रोलचं प्रेशर बूस्टसोबत वाढत राहावं लागतं, आणि जेट बदलून बदलून ट्युनिंग करणाऱ्याचा जीव जातो. आमचं मत स्पष्ट आहे, इंजेक्शन आणि स्टँडअलोन ईसीयू, म्हणजे पेट्रोल आणि स्पार्क सांभाळणारा वेगळा कॉम्प्युटर. क्रँकच्या पुलीवर दातांचं चाक, प्रत्येक सिलेंडरला इंजेक्टर, एक्झॉस्टमध्ये मिक्स्चर मोजणारा वाइडबँड सेन्सर, आणि फुल बूस्टला लॅम्डा ०.८ च्या आसपास, म्हणजे पेट्रोल हिशोबापेक्षा थोडं जास्तच. खर्च जास्त आहे, नाही म्हणत नाही. पण उन्हात स्पार्कचं टायमिंग आपोआप मागे घेणारा ईसीयू आणि तेच काम करणाऱ्या जुन्या डिस्ट्रिब्युटरमधल्या दोन स्प्रिंगा यात तुम्हीच निवडा. ज्यांना बोनेट उघडल्यावर जुनंच इंजिन दिसायला पाहिजे त्यांच्यासाठी थ्रॉटल बॉडी जुन्या एअर क्लीनरखाली लपवून देतो.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो ब्लॉकमध्ये, आणि ग्राहकाला तो दिसत नाही म्हणून भांडणही त्याच्यावरच होतं. ब्लॉक, हेड, क्रँक आधी क्रॅक टेस्टला जातात. क्रॅक निघाला तर तिथंच थांबून तुम्हाला फोटो पाठवतो. मग बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग, बॅलन्सिंग. पिस्टन फोर्ज्ड लागतात, या इंजिनांचे काउंटरवर मिळत नाहीत, मापाने बनवून मागवावे लागतात, त्याला तीन-चार महिने धरा. हेडखाली मल्टिलेअर स्टीलचा नाही तर तांब्याचा गॅस्केट, आणि बोल्टच्या जागी स्टड.

पिस्टनच्या रिंगचा गॅप बघायला तुम्हाला मुद्दाम बोलावतो. रिंग बोअरमध्ये टाकायची, पिस्टनच्या डोक्याने सरळ खाली ढकलायची, आणि रिंगच्या दोन टोकांमधल्या फटीत फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालायचं. जोंगाच्या बोअरला टर्बोसाठी टॉप रिंगचा गॅप आम्ही १७ थाऊच्या आसपास (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.४३ एमएम ठेवतो. कमी असला की फाइलने घासायचा, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा बघत. कमी राहिला तर गरम झाल्यावर रिंगची दोन टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची कड तोडून टाकतात. सहा सिलेंडरच्या रिंगा अशा करता करता अख्खा दिवस जातो, बिलात "रिंग फिटिंग" अशी एकच ओळ असते.

ट्रकच्या भंगारातला टर्बो घेऊन येऊ नका प्लीज. डिझेलचा एक्झॉस्ट पेट्रोलपेक्षा थंड असतो, त्यासाठी बनलेलं हाउसिंग (टर्बोचं बाहेरचं कवच) पेट्रोलवर तडकू शकतं, आणि साइजही जुळत नाही, बूस्ट यायच्या आत तुमचं गिअर बदलून होतं. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फिरतो, त्याला ऑइल स्वच्छ लागतं आणि परत येणारा पाइप जाड आणि सरळ उताराचा, इंजिनखालच्या ऑइल संपमध्ये (ऑइलच्या भांड्यात) लेव्हलच्या वर. घरी पोहोचल्यावर मिनिट-दोन मिनिट आयडलवर ठेवून मगच चावी बंद करा, नाहीतर आत ऑइल जळून कोळसा होतो.

गाडी देण्याआधी खवासा ओलांडून मध्य प्रदेशातल्या कुरई घाटात लोडवर चालवून बघतो, सपाट रस्त्यावर कळत नाही. आणि हो, चारही ड्रम ब्रेकचं काम झाल्याशिवाय टर्बो गाडी गेटच्या बाहेर जात नाही, यात सूट नाही. "समृद्धीवर नेतो, तिथं सिग्नलच नाही" हे कारणसुद्धा चालत नाही.

कागदपत्रांचं आधी बोलून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीत लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, म्हणून आम्ही ब्लॉक तोच ठेवतो, इंजिन नंबर घासत नाही, आणि काम सुरू व्हायच्या आधी तुमच्या आरटीओत लेखी विचारून यायला सांगतो. इन्शुरन्स कंपनीलाही कळवा. गाडी ५० वर्षांच्या वरची असेल आणि २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज नोंदणी करायची इच्छा असेल तर टर्बो विसरा, तिथं चेसिस, बॉडी, इंजिन मूळ स्वरूपातच लागतं. दोन्ही मिळत नाही.

पहिल्यांदा याल तेव्हा आरसी, जुन्या कामाची बिलं आणि गाडी जशी आहे तशी आणा, धुवून-पुसून आणू नका, ऑइल कुठून गळतंय ते आम्हाला बघायचं असतं. त्या दिवशी फक्त कॉम्प्रेशन आणि ऑइल प्रेशर बघतो, त्यावर कच्चं एस्टिमेट देतो. पक्कं एस्टिमेट इंजिन खोलल्यावर, आणि पैसे तीन टप्प्यांत: खोलताना, पिस्टनची ऑर्डर देताना, गाडी नेताना. जून-जुलैत गाडी द्याल तर पुढच्या उन्हाळ्याच्या आत मिळेल, मार्चमध्ये आणून "एप्रिलमध्ये लग्नात न्यायची आहे" म्हणू नका.